हँडेल आणि लंडनची टाकलेली मुले

दरबारी गवयाच्या घरात जन्मलेल्या माणसाला एक प्रश्न लहानपणापासून ठाऊक असतो : अन्नदात्याचा हात सुटला तर पुढे काय? १९४८-४९ मध्ये संस्थाने विलीन झाली तेव्हा तो कितीतरी कलावंतांच्या दारी येऊन उभा राहिला. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये जॉर्ज फ्रेडरिक हँडेल याने त्याला जे उत्तर दिले, ते मला त्याच्या संगीताइतकेच मोलाचे वाटते.

हँडेलचा जन्म १६८५ साली जर्मनीतील हाले येथे झाला. वडील शस्त्रवैद्य, मुलाने वकील व्हावे ही त्यांची इच्छा. मुलाचा जीव मात्र वाद्यांत. हँबर्ग, इटली, हॅनोव्हरचा दरबार अशी मजल मारीत तो लंडनला आला आणि तिथलाच झाला. १७१३ मध्ये अ‍ॅन राणीने त्याला सालीना २०० पौंडांचा तनखा बांधून दिला. पुढे तो ६०० वर गेला. संगीतनाटकांच्या धंद्यात त्याने मिळवले तसे गमावलेही; पण तनख्याचा आधार सुटला नाही.

सर्वांचे नशीब असे नव्हते. किच नावाचा नामांकित ओबोवादक वारला. ओबो हे आपल्या सनईच्या जातीचे वाद्य. त्याची पोरकी मुले रस्त्यावर दुभत्या गाढवी हाकताना जुन्या सोबत्यांच्या दृष्टीस पडली. त्यातून १७३८ मध्ये निराधार वादकांसाठी निधी उभा राहिला. हँडेल त्याच्या पहिल्या सभासदांपैकी एक. मृत्युपत्रात त्याने या निधीला १,००० पौंड ठेवले.

१३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये ‘मसाया’ ही त्याची ख्रिस्तचरित्रावरील रचना प्रथम गायली गेली. जास्त श्रोते मावावेत म्हणून स्त्रियांनी घेरदार झग्यांखालची कडी आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात, अशी विनंती करण्यात आली होती. जमलेले सुमारे ४०० पौंड दोन रुग्णालयांना आणि कैद्यांच्या साहाय्याला गेले. कर्जापायी तुरुंगात पडलेले १४२ जण सुटले.

इंग्लंडात गरिबांसाठी सरकारी कायदा नव्हता असे नाही. १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशने कर बसवून आपापले गरीब पोसायचे होते. पण रस्त्याकडेला टाकलेले अर्भक कोणत्या पॅरिशचे? थॉमस कोरम या वृद्ध दर्यावर्दीने सतरा वर्षे खटपट करून १७३९ मध्ये अशा मुलांसाठी फाउंडलिंग हॉस्पिटलची राजसनद मिळवली. संस्था वर्गणीवर चाले. जागा थोडी, मुले फार. म्हणून आया थैलीतून चेंडू काढीत. पांढरा निघाला तर मूल आत, काळा निघाला तर परत. १७५० पासून हँडेल तिथल्या प्रार्थनामंदिरात दरवर्षी ‘मसाया’ करू लागला. ऑर्गनही त्यानेच दिला. पुढे दृष्टी गेली, तरी तो वाजवीत राहिला. या प्रयोगांनी संस्थेला सुमारे ७,००० पौंड मिळाले.

१७५६ मध्ये पार्लमेंटने अनुदान दिले. अट अशी की कोणतेही मूल परत पाठवायचे नाही. चार वर्षांच्या आत सुमारे १५,००० मुले आली. हाताखाली काम शिकण्याच्या वयापर्यंत जगली ती ४,४०० च्या आसपास. १७६० मध्ये ती मुक्त भरती थांबली.

काहींना यात सरकारचा पराभव दिसतो. मला तसे वाटत नाही. काळा चेंडू काढणाऱ्या आईला धर्मादायाची थोरवी कोण सांगणार? दया जवळून पाहते, पण तिची झोळी लहान. सरकारची झोळी मोठी, पण पोर छातीशी धरायला माणसेच लागतात. दाई, दूध, देखरेख यांची बेरीज जमल्याशिवाय उघडे दारही मुलाला वाचवीत नाही.

१४ एप्रिल १७५९ रोजी हँडेल निवर्तला. ‘मसाया’ची स्वच्छ नक्कल आणि गायक-वादकांच्या प्रती त्याने या संस्थेला ठेवल्या होत्या. त्यांच्या बळावर त्याच्या मागेही तिथे वर्षानुवर्षे प्रयोग झाले आणि त्यांचा पैसा मुलांच्या पोटी गेला.