पारोचा रॉबर्ट गिल सगळ्यांना माहितीये, पण अजिंठ्यात त्याच्या कॅमेऱ्यानं काय वाचवलं?

रॉबर्ट गिलचं नाव काढलं की छत्रपती संभाजीनगरकडची माणसं लगेच दुसरं नाव घेतात, पारो. इंग्रज साहेब लेण्यांतली चित्रं उतरवायला अजिंठ्याला आला, इथल्या पारोवर त्याचा जीव जडला आणि पारो गेल्यावर तो एकटा पडला. ना. धों. महानोरांनी या दोघांवर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं. २०१२ मध्ये नितीन देसाईंनी त्याच नावाचा सिनेमा काढला आणि ही गोष्ट घराघरात पोचली.

पण या गोष्टीत गिलची एक वस्तू कायम मागं राहते. ती म्हणजे त्याचा कॅमेरा.

गिलनं वर्षानुवर्षं खपून काढलेली भलीमोठी रंगीत चित्रं एका आगीत जळाली. त्यानं कॅमेऱ्यानं काढलेले तळहातात मावतील एवढे फोटो मात्र आजही शाबूत आहेत. हे कसं झालं, तेच आज बघू.

मुळात गिल अजिंठ्याला आलाच कशाला?

त्यासाठी थोडं मागं जावं लागतं. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघूर नदीच्या घळीत शिकारीला आला आणि त्याला लेणी दिसली. आसपासच्या लोकांना ती आधीपासून माहिती होतीच, पण बाहेरच्या जगात त्यांचा बोलबाला तिथून सुरू झाला. या स्मिथनं १० नंबरच्या लेण्यात खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. म्हणजे ऐतिहासिक वास्तूवर नाव कोरायची खोड आजची नाही.

पुढं जेम्स फर्ग्युसन हा वास्तूंचा अभ्यासक अजिंठ्याला येऊन गेला. त्याच्या लक्षात आलं की भिंतींवरची चित्रं झपाट्यानं चाललीयेत. पाऊस आत येतोय, वटवाघळांनी घर केलंय, गिलाव्याचे पोपडे सुटतायत. चित्रं वाचवता येत नसतील तर निदान त्यांच्या हुबेहूब नकला तरी करा, असा आग्रह त्यानं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत धरला. सोसायटीनं तो विषय ईस्ट इंडिया कंपनीकडं नेला.

१८४४ मध्ये कंपनीनं या कामावर मद्रासच्या फौजेतला एक अधिकारी नेमला. वय चाळीस, लग्न झालेला, चित्रकलेत हात चांगला आणि शिकारीचा नाद. हाच रॉबर्ट गिल. तेव्हा तो कॅप्टन होता, मेजर नंतर झाला.

बारादरीतला मुक्काम

गिलनं अजिंठा गावातल्या बारादरीत बस्तान बसवलं. हा सगळा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. लेणी गावापासून दूर डोंगरात, भोवती दाट जंगल आणि त्यात वाघ. काम म्हणजे लेण्यात उभं राहून भिंतीवरची आकृती निरखायची आणि मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात उतरवायची. लेण्यात उजेड यायचा तो फक्त दारं-खिडक्यांतून. एकेका चित्राला किती वेळ लागत असेल, याचा तुम्हीच अंदाज करा.

याच काळात पारो त्याच्या आयुष्यात आली. तिच्याबद्दल सांगितलं जातं भरपूर, पण हाताला लागणारा पुरावा थोडा आहे. अजिंठा गावात तिची कबर आहे आणि त्यावरच्या दगडावर तारीख आहे, २३ मे १८५६. गिलनं तिचं नाव दगडात कोरून ठेवलं, म्हणून आज आपल्याला ते माहिती आहे.

१८५० च्या दशकातच गिलच्या हाती कॅमेराही आला.

कॅमेरा म्हणजे काय? बुटाचा खोका घ्या

गिलचा कॅमेरा समजून घ्यायला घरातला बुटाचा खोका पुरतो. खोका आतून काळ्या कागदानं मढवा. एका आखूड बाजूला छोटा चौकोन कापा. कोल्ड्रिंकच्या कॅनचा एक तुकडा कापून घ्या (धार लागते, जपून). त्याच्या मधोमध शिवणाच्या सुईच्या टोकानं बारीक भोक पाडा आणि तो तुकडा त्या चौकोनावर चिकटवा. समोरची बाजू कापून तिथं बटर पेपर ताणून लावा. सगळ्या कडा काळ्या चिकटपट्टीनं बंद करा, कुठूनही उजेड आत जाता कामा नये. झाला पिनहोल कॅमेरा.

आता भर दुपारी बीबी का मकबऱ्यासमोर उभे राहा. भोक मकबऱ्याकडं धरा, डोक्यावरून जाड चादर घ्या आणि बटर पेपरकडं बघा. त्यावर मकबरा दिसेल, पण उलटा. घुमट खाली आणि जमीन वर.

कारण सोपं आहे. उजेड सरळ रेषेत जातो. मिनाराच्या टोकाकडून निघालेला उजेड भोकातून खाली उतरत पडद्याच्या तळाशी पोचतो आणि पायथ्याकडचा उजेड वर चढतो. भोक बारीक असल्यामुळं प्रत्येक ठिकाणचा उजेड आपापल्या जागीच पडतो. भोक मोठं करून बघा. चित्र उजळ होईल, पण पुसट दिसायला लागेल.

पिनहोलची खरी अडचण हीच आहे. चित्र स्पष्ट हवं तर भोक बारीक हवं आणि भोक बारीक असलं की उजेड कमी. २० सेंटीमीटर लांबीच्या खोक्याला साधारण ०.६ मिलिमीटरचं भोक योग्य ठरतं. याच लांबीच्या कॅमेऱ्याला सव्वा सेंटीमीटर रुंदीची भिंग लावली तर सुमारे चारशे पट जास्त उजेड आत येतो आणि चित्रही स्पष्ट राहतं. म्हणून भोकाच्या जागी भिंग आली. बटर पेपरच्या जागी उजेडानं काळी पडणारी चांदीच्या क्षारांची काच आली. गिलच्या काळातला कॅमेरा म्हणजे एवढंच, लाकडी खोका, भिंग आणि काच.

अजिंठ्यात फोटो काढणं सोपं नव्हतं

आज आपण मोबाईल काढतो आणि बटण दाबतो. १८५१ मध्ये इंग्लंडमध्ये निघालेल्या आणि पुढं सगळीकडं रूढ झालेल्या पद्धतीत एका फोटोसाठी बराच खटाटोप होता. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. फोटो घेतला की लगेच अंधारात नेऊन धुवायची. हे सगळं पंधराएक मिनिटांत उरकलं नाही तर काच वाळायची आणि फोटो वाया जायचा. त्या द्रावणात ईथर आणि अल्कोहोल. मराठवाड्याच्या उन्हात ते किती भरभर उडत असेल, हे सांगायला नको.

म्हणजे फोटो काढणाऱ्यानं कॅमेऱ्यासोबत बाटल्या, काचा, पाणी आणि अंधारी जागा असं सगळं बिऱ्हाड डोंगरात न्यायचं.

गिल जे फोटो काढायचा त्यांना स्टिरिओ फोटो म्हणतात. यात दोन डोळ्यांमध्ये असतं तेवढंच अंतर ठेवून एकाच दृश्याचे दोन फोटो घेतात. एक बोट नाकासमोर धरा आणि आधी डावा, मग उजवा डोळा मिटा. बोट जागचं हलल्यासारखं वाटेल. तसाच बारीक फरक या दोन फोटोंत असतो. ते शेजारी ठेवून खास चष्म्यासारख्या यंत्रातून पाहिले की खांब पुढं आणि भिंत मागं दिसते. लेण्यांची खोली लंडनमध्ये बसून कळायला यापेक्षा चांगला मार्ग तेव्हा नव्हता.

मग चित्रांचेही फोटोच का काढले नाहीत?

प्रश्न रास्त आहे. कॅमेरा हातात होता तर रंग आणि कुंचला घेऊन झिजायचं कशाला?

एक तर रंगीत फोटो तेव्हा नव्हतेच. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. त्या काळच्या काचेला निळा उजेड चटकन कळायचा, पण तांबडा आणि पिवळा जवळपास कळायचाच नाही. आणि अजिंठ्याच्या भिंतींवर भर कशाचा? गेरूच्या तांबड्याचा आणि पिवळ्या मातीचा. म्हणजे आपल्या डोळ्यांना जे रंग सगळ्यात उठून दिसतात, तेच त्या कॅमेऱ्याला काळेकुट्ट दिसायचे.

त्यामुळं कामाची वाटणी आपोआप झाली. खांब, मूर्ती, चैत्याची कमान कॅमेऱ्याकडं आणि रंगीत चित्रं कुंचल्याकडं.

गिलनं अजिंठ्यापुरताच कॅमेरा वापरला असंही नाही. वेरूळचे फोटो काढले, लोणारच्या देवळांचेही काढले. १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह गिलच्या फोटोंची दोन पुस्तकं लंडनमध्ये निघाली. एकात ७४ फोटो आणि दुसऱ्यात १०० स्टिरिओ फोटो. पुस्तकात फोटो छापायचं तंत्र तेव्हा बसलेलं नव्हतं. म्हणून काचेवरून कागदावर एकेक फोटो उतरवायचा आणि प्रत्येक प्रतीत हातानं चिकटवायचा.

हे चिकटवणं लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे.

आणि मग आग लागली

गिलचे कॅनव्हास लंडनला जायचे. पुढं ते सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना बघायला मांडले. लोखंड आणि काचेची ही अवाढव्य इमारत तेव्हा जगभर गाजलेली होती.

डिसेंबर १८६६ मध्ये तिथं आग लागली आणि तिथं मांडलेल्या गिलच्या नकला जळून गेल्या. जी थोडी चित्रं तिथं नव्हती, तेवढीच वाचली. त्यातली काही आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

अजिंठ्यातल्या त्या वर्षांचा हिशेब असा संपला. गिल तेव्हा ६२ वर्षांचा होता. त्यानंतरही त्यानं अजिंठ्याचं काम सोडलं नाही. १८७९ मध्ये तो वारला आणि त्याची कबर भुसावळला आहे. पारोची कबर अजिंठ्यात आणि याची भुसावळला.

तीच चूक दुसऱ्यांदा

तुम्हाला वाटेल, एकदा हात पोळले म्हणजे पुढं तरी काळजी घेतली असेल. पण तसं झालं नाही.

१८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जायला लागले. पुन्हा नकला, पुन्हा मोठे कॅनव्हास. हे काम १८८५ पर्यंत चाललं. नकला लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन म्युझियमला गेल्या आणि १८८५ मध्येच तिथं लागलेल्या आगीनं शंभराहून जास्त नकला गिळल्या.

बरं, नकला काढण्याची किंमत मूळ चित्रांनीही मोजली. रंग नीट दिसावेत म्हणून त्या काळात भिंतींवर व्हार्निश फासलं गेलं. काही दिवस चित्रं उजळ दिसली, मग व्हार्निश पिवळं आणि काळपट पडत गेलं. ते काढायला पुढं निजाम सरकारला १९२० मध्ये इटलीहून जाणकार बोलवावे लागले.

पुढं हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी अजिंठ्यावर मोठे ग्रंथ काढले. १९३० ते १९५५ या काळात ते चार भागांत निघाले आणि त्यातली चित्रं फोटोंवरून छापलेली होती, रंगीतसुद्धा. जे काम गिलच्या काळात कॅमेऱ्याला जमत नव्हतं, ते तोवर जमायला लागलं होतं.

मग गिलचे फोटो का वाचले?

यात नशिबाचा भाग कमी आहे. कॅनव्हास प्रत्येकी एकच होता. वर्षानुवर्षांची मेहनत एका छपराखाली ठेवली आणि ते छप्पर जळालं. फोटोच्या मात्र एका काचेवरून हव्या तेवढ्या प्रती निघत होत्या आणि त्या पुस्तकांत चिकटून वेगवेगळ्या ग्रंथालयांत गेल्या. एक ग्रंथालय जळालं असतं तरी दुसऱ्यातली प्रत राहिली असती.

लेण्यांचे किती तरी मोडके खांब नंतरच्या दुरुस्तीत उभे केले गेले. त्याआधी लेणी कशी दिसत होती, हे बघायचं तर अभ्यासक असल्या जुन्या फोटोंकडंच जातात. ब्रिटिश लायब्ररीनं गिलचे फोटो इंटरनेटवरही टाकलेत, म्हणजे प्रतींची संख्या वाढतेच आहे.

गिलनं जीव ओतला तो चित्रांत, पण मागं उरले ते फोटो. आपल्या घरातल्या आजी-आजोबांच्या एकुलत्या एक फोटोला हाच नियम लागू आहे. पत्र्याच्या पेटीत तो जपून ठेवलाय, हे चांगलंच आहे. पण आज त्याचा मोबाईलवर एक फोटो काढा आणि दोन-चार नातेवाइकांना पाठवून द्या.