उलट्या गिटारची बाई

मी डावखुरा. लहानपणी पाटीवर डाव्या हाताने अक्षर काढलं की हातावर पट्टी बसायची. पुढे उजव्या हाताने लिहायला लागलो, पण अक्षराचं वळण गेलं ते गेलंच. त्यामुळे असेल, एलिझाबेथ कॉटन यांची गिटार पहिल्यांदा ऐकली तेव्हा सुरांआधी मला त्यांच्या हाताचंच कौतुक वाटलं.

१८९३ साली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, कॅरबरो गावी, एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात ही मुलगी जन्मली. घरात तिला नाव असं नव्हतंच, सगळे नुसतं 'सिस' म्हणायचे. शाळेत बाईंनी नाव विचारलं तेव्हा तिने स्वतःच एलिझाबेथ सांगून टाकलं! भाऊ कामावर गेला की त्याचा बँजो ती गुपचूप उचलायची. डावखुरी असल्याने तो उलटा धरायची. मग लोकांकडे घरकाम करून, महिन्याला एखादा डॉलर जमवत, ३ डॉलर ७५ सेंटची गिटार घेतली. तीही उलटीच. तारा उजव्या हाताच्या माणसासाठी लावलेल्या, त्यामुळे खर्जाच्या तारा तिची बोटं छेडायची आणि गाण्याची चाल अंगठा वाजवायचा. अकरा-बारा वर्षांची असताना, घराजवळून जाणाऱ्या मालगाडीवर तिने 'फ्रेट ट्रेन' हे गाणं रचलं.

सतराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झालं, मुलगी झाली. चर्चमधल्या मंडळींना असली ऐहिक गाणी पसंत नव्हती. गिटार सुटली, ती जवळजवळ चाळीस वर्षं.

पुढची गोष्ट सिनेमात शोभावी अशी आहे. वॉशिंग्टनच्या एका मोठ्या दुकानात त्या बाहुल्या विकत असताना एक हरवलेली मुलगी त्यांना सापडली. तिला आईच्या हवाली केलं. ही मुलगी पेगी सीगर, आई संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर. त्या ओळखीतून कॉटनबाई सीगरांकडे स्वयंपाकपाण्याला राहिल्या. सगळं घर लोकसंगीताने भारलेलं, आणि गिटार भिंतीवर टांगलेली! एकदा कोणी नाहीसं पाहून त्या वाजवत बसल्या, आणि पेगीने त्यांना पकडलं.

पेगीने 'फ्रेट ट्रेन' इंग्लंडला नेलं. तिथे १९५७ साली ते गाजलं, पण भलत्याच दोघांच्या नावावर. गाणारी मालामाल नसली तरी चर्चेत होती, रचणारी मात्र दुसऱ्याच्या घरची भांडी घासत होती. याचा मला आजही राग येतो. सीगर मंडळींनी खटपट केली, तडजोड झाली, तेव्हा कुठे कॉटनबाईंचं नाव लागलं.

पेगीचा भाऊ माइक टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी बसला आणि १९५८ साली पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तेव्हा बाई पासष्टीच्या. मग कॉलेजं, महोत्सव, दौरे सुरू झाले. तरी घरकाम लगेच सुटलं नाही. रात्री पतवंडांना निजवताना प्रत्येकाकडून एकेक कडवं जुळवून घेत 'शेक शुगरी' तयार झालं. ते १९६७च्या ध्वनिमुद्रिकेत आहे, आणि गायलंय ते बारा वर्षांच्या पतवंडाने!

मैफलींच्या कमाईतून त्यांनी सिरॅक्यूज शहरात स्वतःचं घर घेतलं. १९८५ साली, नव्वदी ओलांडल्यावर, ग्रॅमी मिळालं. २९ जून १९८७ रोजी त्या गेल्या. गिटार शेवटपर्यंत उलटीच धरली.