पिंजऱ्यात एकटीच

आमच्या उंद्रीहून जिल्ह्याच्या गावी, बुलढाण्याला जाताना ताराबाई शिंदे हटकून आठवतात. वडील बापूजी तिथल्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क. लेकीला त्यांनी घरीच शिकवले.

१८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात काळे पाणी झाले, पुढे शिक्षा पाच वर्षांवर आली. गुन्हा एकच, शिक्षा तीन! परिस्थिती पाहिली गेली, पण उशिरा. वर्तमानपत्रे मात्र समस्त स्त्रीजातीवर तुटून पडली. ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांनाही जाब विचारला. जोतीराव फुल्यांनी पाठराखण केली. तरी ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही.

समान न्याय म्हणजे सरसकट एकच शिक्षा नव्हे. पिंजऱ्यात कोण उभे नाही, तेही पाहावे लागते.