नायस्मिथसाहेबांचा बाहेरून आलेला विद्यार्थी

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये गेली काही वर्षे एक वाद रंगला आहे. प्रशिक्षकाने शाळेतून नुकताच बाहेर पडलेला मुलगा घ्यावा आणि चार वर्षे हाताखाली ठेवून त्याला घडवावे, की दुसऱ्या कॉलेजात दोन-तीन वर्षे खेळून तयार झालेला गडी आपल्याकडे आणावा? पूर्वी कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूला नव्या संघातून उतरण्याआधी एक वर्ष बाहेर बसावे लागे. २०२१ साली पहिल्या बदलापुरती ही अट उठली. २०२४ साली तर अभ्यास ठीक असेल त्याला कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळण्याची मोकळीक मिळाली. काही जण याला आयत्या पिठावर रेघोट्या ओढणे म्हणतात. दुसरे विचारतात, जेथे आपली कदर होईल तेथे जाण्यापासून मुलाला अडविणारे आपण कोण?

हा खेळ ज्यांनी शोधून काढला ते डॉ. जेम्स नायस्मिथ ईश्वरविज्ञानाचे पदवीधर होते आणि पुढे पाळकपदाची दीक्षा घेतलेले प्रेस्बिटेरियन सेवक झाले, हे आपल्या शब्बाथशाळांतील बऱ्याच शिक्षकांना ठाऊक नसेल. त्यांचे चरित्र या वादाच्या उजेडात वाचले की काही गोष्टी निराळ्या दिसू लागतात.

नायस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडात, ऑन्टेरिओ प्रांतातील आल्मॉन्ट गावाजवळ झाला. आईवडील स्कॉटलंडहून आलेल्या घराण्यांतले. १८७० साली विषमज्वराने दोघेही थोड्या दिवसांच्या अंतराने गेले आणि नऊ वर्षांचा जेम्स भावंडांसह पोरका झाला. मामा पीटर यंग यांनी मुलांना सांभाळले. गावातील मुले एक खेळ खेळत. मोठ्या खडकावर एक दगड ठेवायचा आणि लांबून दुसरा दगड मारून तो पाडायचा. आपल्या लगोरीची आठवण व्हावी असाच तो खेळ. जोराने फेकलेला दगड दूर जाऊन पडे आणि तो आणायला धावणारा मुलगा हटकून पकडला जाई. जो हलक्या हाताने, कमानीसारखा उंच दगड टाकी त्याचे निभावून जाई. हे त्या मुलाच्या ध्यानात राहिले.

जेम्स शाळेत फारसा रमला नाही. मध्येच शाळा सोडून तो लाकूडतोड्यांच्या टोळीत काही वर्षे राबला, आणि मग आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी बसून त्याने शाळा पुरी केली. १८८७ साली माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठाची पदवी आणि १८९० साली तेथील प्रेस्बिटेरियन कॉलेजचा ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक्रम त्याने पूर्ण केला. याच काळात तो मैदानावर रग्बी आणि लॅक्रॉस खेळत असे. पाळक होऊ पाहणाऱ्या तरुणाने चेंडूमागे धावावे हे तेव्हा अनेकांना रुचत नसे. नायस्मिथ यांची मात्र खात्री पटली होती की तरुणांपर्यंत पोहोचण्याची वाट व्याख्यानपीठावरून जाते तशी मैदानावरूनही जाते. ते अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले आणि तेथेच शिक्षक झाले.

डिसेंबर १८९१ मधील हकीकत पुष्कळांनी ऐकली असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. हिवाळ्यात बंद व्यायामशाळेत कवायत करून कंटाळलेल्या अठरा प्रौढ विद्यार्थ्यांच्या वर्गापुढे दोन शिक्षकांनी हात टेकले होते. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी तो वर्ग नायस्मिथ यांच्या गळ्यात घातला आणि नवा खेळ काढायला चौदा दिवस दिले. मुदत संपता संपता नायस्मिथ यांनी तेरा नियम लिहून काढले. पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला दहा फूट उंचीवर ठोकल्या आणि नऊ-नऊ जणांच्या दोन बाजू केल्या. चेंडू हातात घेऊन धावायचे नाही, ढकलाढकली करायची नाही आणि टोपली डोक्यावर उंच, म्हणजे जोराचा उपयोग नाही. लहानपणीच्या त्या कमानीसारख्या फेकीचाच उपयोग. पहिल्या सामन्यात एकच गोल झाला.

मला त्या दिवसाची एक गोष्ट मोठी गंमतीची वाटते. जगात बास्केटबॉलचा एकही तयार खेळाडू नव्हता. कोठून आणणार? समोर जे अठरा होते त्यांनाच घेऊन खेळ उभा करायचा होता. ही सवय नायस्मिथ यांच्या हाडीमाशी खिळली असावी. ते स्वतः मात्र पुढची काही वर्षे एका जागी टिकले नाहीत. १८९५ साली ते डेन्व्हरच्या वाय. एम. सी. ए.त गेले आणि तेथे काम करीत करीत १८९८ साली वैद्यकीची पदवी मिळवली. त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठाला प्रार्थनामंदिराची जबाबदारी घेणारा आणि व्यायामही शिकविणारा माणूस हवा होता. स्प्रिंगफील्डचे त्यांचे जुने सोबती अमोस अलोन्झो स्टॅग यांनी त्यांची शिफारस केली. लॉरेन्स गावी आल्यावर मात्र नायस्मिथ शेवटपर्यंत तेथलेच झाले.

विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ त्यांनीच सुरू केला. ३ फेब्रुवारी १८९९ रोजी कॅन्सस सिटीच्या वाय. एम. सी. ए. संघाशी पहिला सामना झाला आणि तो १६-५ असा हरला. १९०७ पर्यंत त्यांनी संघ सांभाळला तेव्हा ५५ विजय आणि ६० पराभव झाले होते. खेळाचा जनकच त्या विद्यापीठाचा असा एकमेव प्रशिक्षक ठरला की ज्याचे पराभव विजयांहून अधिक! हा आकडा आजही हसत हसत सांगितला जातो. परंतु संघासाठी जिकडून तिकडून गडी गोळा करणे हे आपले काम आहे असे नायस्मिथ यांना कधी वाटलेच नाही. विद्यापीठात आलेल्या प्रत्येक मुलाची उंची, छाती, वजन मोजावे, त्याला पोहायला, तलवारबाजी करायला शिकवावे, सकाळच्या प्रार्थनेला त्याची गाठ घ्यावी, यात त्यांचा दिवस जाई.

गडी गोळा करणे तेव्हाही अनोळखी नव्हते, हे सांगितले पाहिजे. फुटबॉलमध्ये तर भटके खेळाडू या हंगामात या कॉलेजातून आणि पुढच्या हंगामात त्या कॉलेजातून मैदानात उतरत; त्यांतल्या काहींनी वर्गाचे तोंडही पाहिलेले नसे. या प्रकाराला कंटाळून प्राध्यापकांनी संघटना केल्या. १९०६ साली शिकागो, मिशिगन, विस्कॉन्सिन वगैरे विद्यापीठांच्या संघटनेने नियम केला की संघातून खेळण्याआधी विद्यार्थ्याने वर्षभर त्या विद्यापीठात राहून शिकले पाहिजे, आणि कोणी तीन वर्षांहून अधिक खेळू नये. पुढे अशीच वर्षाची अट देशभर पसरली. तिच्यामागे मुलांना कोंडून ठेवण्याचा हेतू नव्हता. खेळणारा आधी विद्यार्थी असावा, एवढाच हेतू होता. कालांतराने त्या अटीचा काच खऱ्या विद्यार्थ्यांनाच बसू लागला, हेही तितकेच खरे.

नायस्मिथ यांच्यामागून संघ फॉरेस्ट ॲलन या त्यांच्याच खेळाडूच्या हाती गेला. बास्केटबॉल नुसता खेळायचा असतो, तो शिकवीत बसण्यासारखा नाही, असे गुरूने चेल्याला चिडविले होते म्हणतात. चेल्याने ते खोटे करून दाखविले. १९०७ ते १९०९ आणि मग १९१९ ते १९५६ अशी त्यांची कारकीर्द झाली. चांगला गडी दिसला की ॲलन लांबून लांबून त्याला आणीत. इंडियानातून उंचापुरा क्लाइड लव्हलेट आणला आणि १९५२ साली राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. गुरुशिष्यांत वैर नव्हते, मार्ग मात्र दोन होते.

मधल्या काळात नायस्मिथ यांनी बरेच पाहिले. १९१६ साली सैन्याबरोबर धर्मगुरू म्हणून ते मेक्सिकोच्या सरहद्दीवर गेले. नंतर पहिल्या महायुद्धात वाय. एम. सी. ए.तर्फे फ्रान्समध्ये जाऊन शिपायांमध्ये राहिले. परत आले ते पुन्हा त्याच व्यायामशाळेत.

आणि १९३३ साली त्यांच्याकडे जॉन मॅक्लेंडन आला. कॅन्सस सिटीच्या ज्युनिअर कॉलेजात एक वर्ष शिकून त्याने कॅन्सस विद्यापीठात प्रवेश घेतला होता. म्हणजे आजच्या भाषेत तो कॉलेज बदलून आलेला विद्यार्थी. बास्केटबॉलचा प्रशिक्षक व्हायचे हे त्याने पक्के ठरविले होते. तो कृष्णवर्णीय होता, आणि विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे दार कृष्णवर्णीयांना बंद होते. वर्षभर थांब, मग खेळ, असेही कोणी त्याला सांगणार नव्हते. तुम्हीच माझे मार्गदर्शक, असे वडिलांनी सांगून पाठविले आहे, असे म्हणत तो मुलगा थेट नायस्मिथ यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. एकाहत्तर वर्षांच्या त्या वृद्ध प्राध्यापकांनी वडिलांचा शब्द मान्य केला.

पुढची तीन वर्षे मॅक्लेंडन त्यांच्याजवळ शिकला. चेंडू जेथे आपल्या हाती येईल तेथूनच चढाई सुरू होते आणि जेथे हातून जाईल तेथूनच बचाव, सारे मैदान खेळाचे आहे, हे त्याने नायस्मिथ यांच्याकडून घेतले. नायस्मिथ यांनी त्याला गावातील शाळेत मुलांना शिकविण्याचा अनुभव मिळवून दिला. पोहण्याच्या तलावाचा प्रसंग मात्र कडू आहे. अभ्यासक्रमात पोहणे सक्तीचे होते. पण कृष्णवर्णीयांनी पाण्यात न उतरता गुण घेऊन गप्प बसावे अशी रीत होती. मॅक्लेंडन उतरला. त्यानंतर तलावाचे पाणी सोडून देण्यात आले. त्याने हट्ट सोडला नाही, आणि अखेर तलाव सर्वांना खुला झाला. १९३६ साली तो शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन बाहेर पडला. तेथील हा विषय घेणारा तो पहिला कृष्णवर्णीय पदवीधर. पुढच्या शिक्षणासाठी आयोवा विद्यापीठात जाण्यासही नायस्मिथ यांचे साहाय्य झाले.

संघात जागा मात्र त्याला मिळाली नाही ती नाहीच. चरित्र लिहिताना हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या हाती जे होते ते नायस्मिथ यांनी मोकळ्या हाताने दिले. ज्या दारावर त्यांचा अधिकार उरला नव्हता ते दार बंदच राहिले. कॅन्ससच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, लाव्हॅनेस स्क्वायर्स, १९५१ साली दिसला. चार वर्षे मागेपुढे न पाहता त्याच ॲलनसाहेबांनी फिलाडेल्फियाहून सात फूट उंचीचा विल्ट चेम्बरलेन आणला, तेव्हा त्याच्यासाठी सारे गाव पायघड्या घालायला तयार होते. नियमाप्रमाणे पहिले वर्ष तो खेळू शकला नाही, तेवढ्यात सत्तरी गाठलेल्या ॲलन यांना निवृत्त व्हावे लागले. चेम्बरलेन दोन हंगाम खेळला, १९५७ चा अंतिम सामना एका गुणाने हरला आणि १९५८ साली, चौथे वर्ष न थांबता, निघून गेला. त्याला दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. त्याला गडी म्हणून आणले होते, गडी म्हणून तो गेला.

नायस्मिथ यांना हे पाहायला मिळाले नाही. १९३६ साली अमेरिकेतील प्रशिक्षकांनी वर्गणी काढून त्यांना बर्लिनच्या ऑलिंपिकला पाठविले. बास्केटबॉल तेथे प्रथमच पदकांचा खेळ झाला होता. अंतिम सामना उघड्या मैदानावर भर पावसात, चिखलात झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरविले. एक त्यांची कर्मभूमी, दुसरी जन्मभूमी. पुढच्या वर्षी पत्नी मॉड निवर्तल्या, ते स्वतः सेवानिवृत्त झाले, आणि २८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्स येथे मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे देहावसान झाले. एकूण चाळीसच्या आसपास वर्षे त्यांनी त्या एका गावात काढली. खेळाच्या शोधातून त्यांनी धन जोडले नाही. तो खेळ वाय. एम. सी. ए.बरोबर देशोदेशी गेला. आपल्याकडेही १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढणारे हॅरी बक हे त्याच स्प्रिंगफील्डच्या शाळेत तयार झालेले होते.

मॅक्लेंडन नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम येथे कृष्णवर्णीयांच्या कॉलेजचे प्रशिक्षक झाले. रविवार, १२ मार्च १९४४ रोजी सकाळी, सारे गाव उपासनेला गेलेले असताना, त्यांच्या मुलांनी व्यायामशाळेची दारे लावून ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेतील गोऱ्या विद्यार्थ्यांच्या संघाशी गुपचूप सामना खेळला. असा सामना त्या राज्यात चालत नव्हता. ८८-४४ असा तो जिंकल्यावर मुलांनी दोन्ही बाजूंचे गडी मिसळून आणखी एक डाव मांडला. ज्या वेळी गावकरी देवापुढे गुडघे टेकून होते त्या वेळी हे घडले, यावर आपापल्या वर्गात शिक्षकांनी मुलांना बोलते करावे.

पुढे टेनेसीच्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात मॅक्लेंडन यांनी गॅरी गावचा डिक बार्नेट हा मुलगा १९५५ साली घेतला आणि चार वर्षे घडविला. १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे त्यांच्या संघाने लहान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेचे अजिंक्यपद मिळविले. नंतर क्लीव्हलँडला गोऱ्यांचे बहुमत असलेल्या विद्यापीठाच्या संघाचे ते प्रशिक्षक झाले. असे स्थान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय. १९९९ साली ते वारले.

स्प्रिंगफील्डला बास्केटबॉलमधील मान्यवरांचे जे सभागृह आहे त्याला नायस्मिथ यांचे नाव आहे. १९७९ साली तेथे मॅक्लेंडन यांचे नाव लागले, खेळाला हातभार लावणारे म्हणून. प्रशिक्षक म्हणून ते पुन्हा २०१६ साली लागले. कॅन्सस विद्यापीठाकडून ते एकही सामना खेळलेले नव्हते.