मेंदूंतील पहारेकऱ्यांचे शोधक : पीओ देल रिओ ओर्तेगा

शरीरांत कोठेंही जखम झाली अथवा रोगजंतु शिरले, तर रक्तांतील पांढऱ्या पेशी तिकडे धांव घेतात, हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. परंतु कवटीच्या आंत बंदिस्त असलेल्या मेंदूंत हें रक्षणाचें काम कोण करितें? या प्रश्नाचें उत्तर ज्या शास्त्रज्ञांनीं शोधून काढलें, त्यांचा अल्प परिचय आम्ही येथें करून देत आहों.

पीओ देल रिओ ओर्तेगा यांचा जन्म स्पेन देशांत, वायादोलिद प्रांतांतील पोर्तियो या गांवीं, ५ मे १८८२ रोजीं झाला. १९०५ सालीं वैद्यकीचें शिक्षण पुरें करून ते आपल्याच गांवीं रोग्यांस औषधोपचार करूं लागले. परंतु त्यांचें चित्त सूक्ष्मदर्शक यंत्रांत गुंतलेलें होतें. कांहीं काळानें तो व्यवसाय सोडून ते माद्रिदला आले व डॉ. निकोलास आचुकारो यांच्या प्रयोगशाळेंत राहिले.

त्या काळीं सांतियागो रामोन इ काहाल हे स्पेनच्या विज्ञानाचे मेरुमणी होते. मज्जापेशींच्या अभ्यासाबद्दल त्यांस १९०६ सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला होता. मेंदूंत मज्जापेशी व ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशी यांखेरीज आणखी कांहीं बारीक पेशी असतात, हें काहाल यांनीं पाहिलें होतें. परंतु त्यांच्या शाखा रंग धरीत नसत. म्हणून त्यांस केवळ तिसरा घटक असें नांव देण्यांत आलें होतें.

१९१८ सालीं आचुकारो अकालीं निवर्तले व प्रयोगशाळेचा भार ओर्तेगांवर पडला. त्यांनीं मेंदूचे पातळ काप चांदीच्या एका क्षारानें रंगविण्याची नवी रीति सिद्ध केली. आजवर न दिसलेल्या शाखा काळ्याभोर उमटल्या! १९१९ सालीं त्यांनीं जाहीर केलें कीं, तिसरा घटक एक नसून दोन जातींचा आहे. त्यांपैकीं एका जातीस त्यांनीं मायक्रोग्लिया हें नांव दिलें. या पेशी गर्भावस्थेंत बाहेरून मेंदूंत शिरतात; मेंदूस इजा होतांच आपल्या शाखा आंखडून घेतात, इजेच्या जागीं जातात आणि मृत कण गिळून टाकितात, असें त्यांनीं दाखविलें.

हें मत काहाल यांस सहजासहजीं पटलें नाहीं. एका स्कॉटिश संशोधकानें या पेशी पूर्वींच पाहिल्या होत्या, असेंही त्यांनीं लिहिलें. मतभेदांत इतर गैरसमजांची भर पडून १९२० सालीं ओर्तेगांस ती प्रयोगशाळा सोडावी लागली. ज्यांस गुरुस्थानीं मानावें, त्यांच्याच दारांतून बाहेर पडणें किती दुःखाचें असेल! तथापि त्यांनीं काम थांबविलें नाहीं. विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहांतील लहानशा प्रयोगशाळेंत बसून १९२१ सालीं त्यांनीं दुसऱ्या जातीचेंही वर्णन प्रसिद्ध केलें. १९२४ सालीं वाइल्डर पेनफील्ड हे त्यांची रीति शिकण्यास अमेरिकेहून माद्रिदला आले. पुढें गुरुशिष्यांतील कटुताही निवळली.

१९३६ सालीं स्पेनमध्यें यादवी युद्ध पेटलें आणि ओर्तेगांस मायदेश सोडावा लागला. पॅरिस व ऑक्सफर्ड येथें कांहीं काळ काढून १९४० सालीं ते ब्वेनोस आइरेस येथें गेले, आणि तेथेंच १ जून १९४५ रोजीं कर्करोगानें त्यांचें देहावसान झालें. १९८६ सालीं त्यांच्या अस्थि वायादोलिद येथें आणण्यांत आल्या.

त्यांच्या शोधाचें महत्त्व दिवसेंदिवस वाढतच आहे. जिवंत उंदरांच्या मेंदूंत या पेशी शाखा हालवून अहोरात्र टेहळणी करितात, हें २००५ सालीं प्रत्यक्ष दिसलें. वाढत्या मेंदूंतील अनावश्यक जोडण्या त्या छाटितात. परंतु हेच पहारेकरी बिघडले अथवा फार काळ खवळलेले राहिले, तर मेंदूची हानिही करितात. म्हणून वृद्धपणींच्या स्मृतिनाशाचा विचार करणारे वैद्य आज त्यांच्याकडे बारकाईनें पाहत आहेत.

ज्या पेशींस धड नांवही नव्हतें, त्यांकडे ओर्तेगांनीं चिकाटीनें पाहिलें. गुरूंचा आदर करावा. परंतु स्वतःच्या डोळ्यांनीं पारखून घेतलेलें सत्य त्यांच्यापुढें नम्रपणें मांडण्यास कचरूं नये, हा बोध आमच्या विद्यार्थ्यांनीं या चरित्रापासून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.