जॉर्ज नाकाशिमा

जॉर्ज नाकाशिमा (जन्म : २४ मे १९०५, स्पोकेन, वॉशिंग्टन, मृत्यू : १५ जून १९९०, न्यू होप, पेनसिल्व्हेनिया) हे जपानी वंशाचे अमेरिकन वास्तुविशारद आणि लाकडी फर्निचरचे रचनाकार व कारागीर होते. बुंध्याची नैसर्गिक कड न छाटता केलेली त्यांची मेजे आणि दोनच पायांची ‘कोनॉइड’ खुर्ची विशेष प्रसिद्ध आहेत.

शिक्षण आणि भारतातील वास्तव्य

नाकाशिमा यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात आधी वनशास्त्राला प्रवेश घेतला होता. नंतर ते वास्तुकलेकडे वळले. पुढे एम.आय.टी.मधून त्यांनी वास्तुकलेची पदव्युत्तर पदवी मिळवली. झाड आणि इमारत यांची ही जोडी त्यांच्या कामात अखेरपर्यंत टिकली. काही काळ पॅरिसमध्ये काढून ते जपानला गेले आणि टोकियोत वास्तुविशारद अँटोनिन रेमंड यांच्या कार्यालयात रुजू झाले.

पुदुच्चेरीच्या श्रीअरविंद आश्रमातील ‘गोलकोंद’ या साधक-निवासाचा आराखडा रेमंड यांच्याकडे होता. त्याच्या बांधकामावर देखरेख करण्यासाठी १९३७ मध्ये नाकाशिमा भारतात आले. प्रबलित काँक्रीटची ही इमारत भारतातील आधुनिक वास्तुकलेच्या आरंभीच्या नमुन्यांत गणली जाते. तिच्या दर्शनी बाजूंना फिरवता येणाऱ्या आडव्या झडपा असल्यामुळे ऊन अडते आणि वारा मात्र खेळता राहतो. बांधकामात साधकही राबत होते. नाकाशिमा स्वतः साधक झाले, त्यांनी वेतन नाकारले आणि श्रीअरविंदांकडून त्यांना ‘सुंदरानंद’ हे नाव मिळाले. १९३९ मध्ये त्यांनी भारत सोडला.

वास्तुकलेकडून सुतारकामाकडे

अमेरिकेत परतल्यावर फ्रँक लॉइड राइट यांच्या इमारतींचे काम पाहून त्यांची निराशा झाली. आराखडा देखणा असूनही बांधणी त्या तोलाची नाही, असे त्यांना वाटले. आखणारा आणि घडवणारा एकच असावा, हा त्यांचा आग्रह होता. इमारतीच्या बाबतीत ते जवळजवळ अशक्य होते. फर्निचरमध्ये मात्र शक्य होते. १९४१ मध्ये त्यांनी सिएटल येथे लहानशी कार्यशाळा सुरू केली. त्याच वर्षी मॅरियन ओकाजिमा यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

फेब्रुवारी १९४२ मध्ये निघालेल्या अध्यक्षीय आदेशानंतर जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. नाकाशिमा, त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी मिरा यांची रवानगी आयडाहोतील मिनिडोका छावणीत झाली. तेथे पारंपरिक जपानी सुतारकामात तयार झालेले गेंतारो हिकोगावा हे कारागीर भेटले. टाकाऊ लाकडावर काम करीत नाकाशिमा त्यांच्याकडून जपानी हत्यारे आणि सांधेजोड शिकले. वास्तुविशारदाचा कारागीर खऱ्या अर्थाने येथे झाला. अर्थात, त्यामुळे झालेला अन्याय हलका होत नाही. १९४३ मध्ये रेमंड यांनी हमी दिल्यामुळे कुटुंबाची सुटका झाली आणि ते न्यू होप येथे रेमंड यांच्या शेतावर राहावयास गेले. पुढे त्याच परिसरात नाकाशिमा यांनी स्वतःचे घर व कार्यशाळा बांधली.

फर्निचर

ग्राहकाशी बोलून नाकाशिमा त्याच्यासाठी लाकडाची अखंड जाड फळी निवडत आणि वस्तूच्या तळाशी त्याचे नाव लिहिले जाई. काळ्या अक्रोडाचे लाकूड त्यांना विशेष प्रिय होते. गाठी आणि भेगा ते लपवीत नसत. भेग पुढे वाढू नये म्हणून तिच्यावर आडवा, मध्ये निमुळता असा लाकडी तुकडा बसवीत. आपल्याकडे त्या आकाराला डमरूची उपमा सहज सुचेल. हा तुकडा शोभेचा वाटत असला, तरी त्याचे काम सांधण्याचे आहे.

वास्तुकला त्यांनी सोडली असे म्हणणे तितकेसे खरे नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी उभारलेल्या ‘कोनॉइड स्टुडिओ’चे पातळ काँक्रीटचे वक्र छत आतील खांबांशिवाय तोललेले आहे. १९६० मधील कोनॉइड खुर्चीत तेच धाडस लाकडात उतरले: तिची बैठक पुढच्या पायांविना अधांतरी राहते आणि मागील दोन पाय जमिनीलगतच्या दोन आडव्या पट्ट्यांवर उभे असतात. ती कलंडेल अशी शंका अनेकांनी घेतली होती.

१९६४ मध्ये अहमदाबादच्या एन.आय.डी. या संस्थेत त्यांनी फर्निचरच्या रचना केल्या आणि त्या तेथील कार्यशाळेत घडवल्या गेल्या. ‘द सोल ऑफ अ ट्री’ हे त्यांचे पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येक खंडात शांततेसाठी एक मेज असावे, अशी त्यांची योजना होती. पहिले मेज १९८६ मध्ये न्यू यॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलमध्ये बसवले गेले. त्यांच्या निधनानंतर कार्यशाळेची धुरा मिरा नाकाशिमा यांनी सांभाळली आणि १९९६ मध्ये अशाच एका मेजाची ऑरोविल येथे स्थापना झाली.