कॉम्प्युटरवरचा 'मंगल' फॉन्ट कुणी बनवला? लोगो डिझायनरने ओळखायलाच हवेत असे र. कृ. जोशी

ठाण्याच्या कोलशेत रोडसारख्या, नव्या टॉवरखाली नवी दुकानं उघडत असलेल्या कुठल्याही रस्त्यावरून एक चक्कर मारा. इंग्रजी लोगोवर मेहनत घेतलेली दिसते. त्याखालचं मराठी नाव मात्र बऱ्याचदा हाताला लागला तो फॉन्ट घेऊन टाइप केलेलं असतं.

२०२२ मध्ये कायद्यात बदल झाला आणि दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत, असं ठरलं. आकार कायद्याने ठरला, पण अक्षराचं रूप कोण ठरवणार?

या प्रश्नावर एका माणसाने अख्खं आयुष्य घालवलं. रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजेच र. कृ. जोशी.

जाहिरातीतून अक्षरांकडे

जोशींचा जन्म १९३६ चा. मुंबईच्या जे. जे. मधून कमर्शियल आर्ट शिकल्यावर ते जाहिरात क्षेत्रात आले. आधी डी. जे. कीमर आणि मग उल्का या एजन्सीत त्यांनी काम केलं. उल्कात ते आर्ट डायरेक्टर होते. सोबत कविताही लिहीत. कागदावर अक्षरं कशी मांडली आहेत, हासुद्धा त्यांच्या कवितेचा भाग असे.

त्या काळात जाहिरातीचा विचार मुख्यतः इंग्रजीतून व्हायचा आणि देवनागरी मागून यायची. देवनागरीला रोमन अक्षरांचे कपडे चढवायचे, ही सोपी वाट होती. जोशींनी ती धरली नाही.

प्रेरणा कुठे शोधायची?

जोशींचं उत्तर होतं, आपल्याच लिपीत. पोथ्या, शिलालेख, जुनी हस्तलिखितं. बोरू तिरका कापलेला असतो, म्हणून देवनागरी अक्षर कुठे जाड तर कुठे बारीक होतं. हा जाड-बारीकपणा रोमनच्या उलट दिशेचा. हे कळलं की इंग्रजी लोगोची सावली मराठी नावावर पडत नाही.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अच्युत पालव या तरुणाने उल्काच्या शिष्यवृत्तीवर मोडी लिपीचा अभ्यास केला, तो जोशींच्या मार्गदर्शनाखाली. देवनागरी आणि मोडीच्या मेळातून पालवांची 'मुक्तलिपी' आली. जुन्या दप्तरातली लिपी आजच्या डिझाइनला काय देऊ शकते, याचा हा पुरावाच.

पवई, आणि मग कॉम्प्युटर

१९८३ मध्ये जोशी पवईला आयआयटीच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवू लागले. निवृत्तीनंतर ते एनसीएसटी या संस्थेत गेले. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली.

इथे खरी कसोटी होती. रोमन अक्षरं एकापुढे एक ठेवली की काम भागतं. देवनागरीत मात्रा वर जाते, उकार खाली जातो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते आणि जोडाक्षर नवंच रूप घेतं. हे सगळं छोट्या स्क्रीनवर वाचता आलं पाहिजे. नाहीतर यंत्राला जमेल तेवढीच लिपी उरली असती.

जोशींनी घडवलेला 'मंगल' फॉन्ट विंडोज २००० सोबत आला. टायपिंगच्या परीक्षा देणाऱ्यांना हे नाव पाठच असतं. इतर भारतीय लिप्यांचे फॉन्ट आणि वैदिक स्वरचिन्हं युनिकोडमध्ये आणण्याचं काम यांतही त्यांचा मोठा वाटा होता. फेब्रुवारी २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं निधन झालं.

आज तुमच्या हाताशी काय आहे?

बापूराव नाईकांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा १९७१ चा तीन खंडांचा ग्रंथ आहे. मुंबईच्या एक टाइपचे 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट मोफत मिळतात.

पण फॉन्ट निवडण्याआधी बोरू किंवा कट निबने ते नाव दहा वेळा लिहून बघा. 'मंगल' स्क्रीनवर मजकूर वाचता यावा म्हणून बनला. दुकानाची ओळख ठरणारं अक्षर मात्र प्रत्येक वेळी नव्याने शोधावं लागतं.